तीस हजारांचा रिकामा डबा



गेल्या महिन्यात आमच्या घरात एका वस्तूवरून चार दिवस अबोला होता. वस्तू अजून घरात आलेलीही नव्हती. नववीतला नातू माझ्याशी बोलत नव्हता, सूनबाई कामापुरतं बोलत होती, आणि आमचे हे "मला विचारू नका, हिशेब तुझ्याकडे" म्हणून दुकानात निघून जात होते. म्हणून म्हटलं, यावर लिहावंच. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही स्वयंपाकघरात येणार आहे.

झालं असं. नातवाचा मामा अमेरिकेत असतो, सुट्टीला येणार होता. फोनवर त्याने विचारलं, "काय आणू?" नातवाचं उत्तर तयार होतं. लॉजिटेक कंपनीचं जी क्लाउड नावाचं एक यंत्र. हातात धरायचं, मध्ये सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि जॉयस्टिक. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं, किंमत ३४९.९९ डॉलर. आजच्या भावाने तीस हजारांच्या वर. मामा म्हणाला, "अर्धे मी घालतो." सूनबाई म्हणाली, "मम्मी, एकदाच होतील ना पैसे." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, आधी मला समजावून सांगा हे काय आहे. नातू पटकन म्हणाला, "दादी, तुला नाही कळणार."

मैत्रिणींनो, या एका वाक्याने आपल्या घरांतले किती पैसे गेलेत, याचा हिशेब कुणी केला आहे का? मी माझा सांगते. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा एका कंपनीचा माणूस घरी आला आणि नातवासाठी अभ्यासाचा टॅब्लेट गळ्यात मारून गेला. हप्ते मीच भरले. सगळे धडे त्या कंपनीच्या ॲपवर होते, टॅब्लेटमध्ये स्वतःचं काहीच नव्हतं. दोन वर्षांत ॲप बंद पडलं. टॅब्लेट अजून कपाटात आहे, त्यावर मी कधी कधी घड्याळ बघते. १९८३ ची बी.कॉम. मी, पण त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नव्हता. का? तर "मला यातलं काय कळतं."

म्हणून या वेळी ठरवलं, कळून घ्यायचं. आणि कळल्यावर माझं मत असं झालं: हे यंत्र आपल्या घरांनी घेऊ नये. खेळ वाईट म्हणून नव्हे. सौदा वाईट म्हणून.

आधी ते काय करतं ते ऐका, अगदी सोपं आहे. पूर्वी खेळाचं यंत्र आणलं की खेळ त्या यंत्रातच चालायचा. क्लाउडमध्ये खेळ चालतो दूरच्या कुठल्या तरी शहरात, कंपनीच्या मोठ्या संगणकावर. तिथून फक्त चित्र आपल्याकडे येतं, जसा यूट्यूबचा व्हिडिओ येतो तसं. आपण बटण दाबलं की तो निरोप इंटरनेटवरून तिकडे जातो, तिथला खेळाडू हलतो, आणि हललेलं चित्र परत येतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. नाहीतर अमेरिकेत फोन केल्यावर जसं आपलं आणि त्यांचं बोलणं एकमेकांवर आदळतं, तसं खेळात होतं.

म्हणजे हे मेसच्या जेवणासारखं आहे. स्वयंपाकघर त्यांचं, गॅस त्यांचा, भाजी काय करायची तेही ते ठरवणार. आपण दर महिन्याला पैसे भरायचे आणि डबा आला की जेवायचं. यात काही गैर नाही, पुण्यात शिकणारी आपली मुलं असंच जेवतात. पण मग तीस हजार कशाचे? तर रिकाम्या डब्याचे.

आता या डब्याचं मोल बघा. या यंत्रात स्नॅपड्रॅगन ७२०जी नावाची चिप आहे आणि ६४ जीबी जागा. मी नातवाला विचारलं, ही चिप आणखी कशात असते? त्याने शोधलं आणि जरा गप्प झाला. २०२० मध्ये आलेल्या रेडमी नोट ९ प्रो फोनमध्ये तीच चिप होती. तो फोन तेव्हा १२,९९९ रुपयांपासून मिळायचा, त्यातही ६४ जीबी. आणि तो फोन आमच्या घरात आहे! सूनबाईने बदलला तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून आहे.

यावर उत्तर तयार असतं, की खेळ तिकडे चालतो, म्हणून इथे भारी चिप लागतच नाही. अहो, मी तेच म्हणते आहे! क्लाउडचा सगळा फायदाच हा, की नवं यंत्र लागत नाही. हातातला फोन, घरातला संगणक, काही नवे टीव्हीसुद्धा चालतात. जिओगेम्सक्लाउड फोनवर आणि सेट-टॉप बॉक्सवर चालतं. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं, तेही फोनवर आणि ब्राउझरवर चालतं. "यंत्राची गरज नाही" हे सांगून सेवा विकायची, आणि त्याच सेवेसाठी खास यंत्रही विकायचं. असं तर साडीच्या दुकानातही कुणी करत नाही.

आता हिशेब. "एकदाच होतील पैसे" हे वाक्य घरात आलं, की वही उघडायची. कॉलेजात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, भांडवली खर्च वेगळा आणि महसुली खर्च वेगळा. यंत्र हा भांडवली खर्च, एकदाचा. सभासदत्व हा महसुली, दर महिन्याचा. आपण भांडतो पहिल्यावर, आणि घर पोखरतो दुसरा.

मायक्रोसॉफ्टचं भारतात क्लाउड सुरू झालं तेव्हा सर्वांत स्वस्त सभासदत्व महिन्याला ४९९ रुपये होतं आणि सर्वांत महाग १,३८९. नातू तीन वर्षं, म्हणजे अकरावी-बारावीपर्यंत खेळला असं धरू. स्वस्तातलं घेतलं तर ३६ महिन्यांचे १७,९६४ रुपये. महागातलं घेतलं तर ५०,००४. यंत्राचे ३१ हजार धरले, तर एकूण एक तर ४९ हजारांच्या जवळ, नाहीतर ८१ हजार. आता तेच घरातल्या फोनवर केलं, तर लागतो फक्त बटणांचा कंट्रोलर, जो ब्लूटूथने फोनला जोडतात. साधारण अडीच हजारांत बरा येतो. स्वस्तातल्या सभासदत्वासह तीन वर्षांचे २०,४६४ रुपये. खेळ तेच, चित्र तिथूनच येणार. फरक साडेअठ्ठावीस हजारांचा.

आणि तीन वर्षांनी हातात काय राहतं? पैसे भरणं थांबवलं त्या महिन्यात खेळ बंद. आमच्या लहानपणी दिवाळीत घेतलेला कॅरमबोर्ड अजून माळ्यावर आहे. सोंगट्या कमी आहेत, पण आमचा आहे. भाड्याच्या खेळाला माळा नसतो.

हे मी कल्पनेने बोलत नाही. गूगलसारख्या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाची क्लाउडवरच्या खेळांची सेवा काढली. भारतात ती आली नाही, पण परदेशात लोकांनी पैसे भरून खेळ घेतले. १८ जानेवारी २०२३ ला ती बंद झाली. गूगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले, हे मान्य करायला हवं. पण सगळ्या कंपन्या गूगलएवढ्या मोठ्या नसतात, टॅब्लेटवाल्यांनी मला एक रुपया परत दिला नाही. आणि एक गंमत बघा. स्टेडिया बंद झाल्यावर तिचा कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालेल अशी सोय गूगलने करून दिली. सेवा गेली, बटणं राहिली. म्हणून घ्यायचंच तर बटणं घ्या.

कुणी म्हणेल, परदेशातून कशाला मागवता, आपल्या दुकानांतही असं यंत्र मिळतं. मिळतं, आणि त्याची तर जास्त काळजी घ्या. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात आलं, किंमत १८,९९० रुपये. खोक्यावरचं चित्र बघून कुणालाही वाटेल, हे घेतलं की खेळ सुरू. तसं नाही. ते तुमच्या घरातल्या प्लेस्टेशन ५ वरचं चित्र हातात दाखवतं. प्लेस्टेशन ५ नसेल तर त्याचा आपल्याला उपयोग नाही, आणि डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ ची छापील किंमत तेव्हा ५४,९९० होती. दोन्ही मिळून ७३,९८०. बाहेरच्या काही देशांत सोनीच्या प्रीमियम सभासदत्वावर हेच पोर्टल प्लेस्टेशनशिवाय, थेट क्लाउडवरून चालतं. पण भारतात सोनी ते सभासदत्व देतच नाही. इथे डिलक्स मिळतं, आणि त्यात क्लाउड नाही. नातवाने परदेशातले व्हिडिओ बघितलेले असतात, आजी-आजोबा वाढदिवसाला हौसेने आणून ठेवतात, आणि खोकं उघडल्यावर पोराचा चेहरा पडतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. ही दोन्ही यंत्रं फक्त वायफायवर चालतात, सिमकार्ड घालायची जागाच नाही. आमचा वाडा जुना, भिंती दोन-दोन फूट जाड. राउटर पुढच्या खोलीत. नगरच्या जुन्या पेठांत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे, की मागच्या खोलीत फोनला रेंज हवी तर खिडकीशी उभं राहावं लागतं. मी नातवाला म्हटलं, भांडण नको, परीक्षा घेऊ. त्याच्या मित्राचा कंट्रोलर आठ दिवसांसाठी मागून आणला, एका महिन्याचे ४९९ रुपये मी भरले. पुढच्या खोलीत राउटरजवळ बसला, तर मोटारींच्या शर्यतीचा खेळ झकास चालला. मीही बघितला, डोंगर-रस्ते फार सुंदर होते. माजघरात आला तर चित्र मधून मधून अडकायला लागलं. मागच्या खोलीत सगळे चौकोन चौकोन. लाइट गेली तेव्हा राउटरच बंद, मग सगळंच बंद. दोष कुणाचा? खेळाचा नाही, फोनचा नाही, आमच्या आजेसासऱ्यांच्या भिंतींचा! तीस हजारांचं यंत्र त्याच भिंतींशी डोकं आपटणार होतं. त्यापेक्षा दोन-अडीच हजारांत दुसरा छोटा राउटर मागे लावला, तर सूनबाईचं ऑफिसचं कामही सुखाने होईल.

"पण पुण्याला जाताना गाडीत खेळता येईल ना," हा पुढचा मुद्दा. गाडीत वायफाय कुठून? कुणाच्या तरी मोबाइलचं हॉटस्पॉट. आता गुणाकार करा. असा खेळ नीट चालायला सेकंदाला १० मेगाबिट धरले, तर तासाला साडेचार जीबी होतात. दिवसाला दोन जीबीचा पॅक असेल, तर तो २७ मिनिटांत संपला. म्हणजे आपलं एक सामायिक पूर्ण व्हायच्या आत, आणि गाडी सुप्याच्याही पुढे गेलेली नसेल. अमर्याद फाइव्ह-जी चा पॅक असेल तर डेटा पुरेल, पण वाटेत फाइव्ह-जी सलग मिळायला हवं. आणि खरं सांगू, गाडीत पोरगं बाहेर बघत बसलं तर काय बिघडतं?

इथपर्यंत मी हौशी मंडळींशी भांडले. आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींशी थोडं भांडते, कारण त्या आत्तापर्यंत मान डोलवत असतील. माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "बरं झालं नाही घेतलं, गेम म्हणजे कर्मबंधच." वन्सं, तुमचा मान ठेवून सांगते, हे उत्तर फार सोपं आहे. यंत्र नाकारून प्रश्न सुटत नाही, कारण तेच खेळ फोनवरही आहेत आणि फोन सगळ्यांच्याच हातात आहे.

आपल्याला यशोधर राजाची गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. आईच्या आग्रहापुढे त्याने खरा नाही, पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि तरी त्याला जन्मोजन्मी भोगावं लागलं, कारण मारायचा भाव खरा होता. तेव्हा "खोटंच तर मारतोय" हे उत्तर आपल्या घरात चालायचं नाही, हे मी नातवाला स्पष्ट सांगितलं. पण मोटारींची शर्यत, फुटबॉल, क्रिकेट, ठोकळ्यांची घरं बांधायचा खेळ, कोडी, यांत कोणता कोंबडा आहे? सगळ्याला एकच नाव देऊन मोकळं झालं, की मुलं आपल्याला विचारणंच बंद करतात. मग ती काय खेळतात ते आपल्याला शेवटी कळतं.

क्लाउडच्या सभासदत्वात मात्र एक खरी अडचण आहे, ती लक्षात घ्या. खेळ एकेक विकत आणायचा तेव्हा कोणता आणायचा ते आपण ठरवत होतो. इथे पूर्ण थाळी वाढून येते, आणि तिच्यात बंदुका-रक्ताचे खेळही असतात. आपण हॉटेलात बसलो की पाणी यायच्या आत विचारतो, यात कांदा-लसूण आहे का, बटाटा आहे का. तेवढ्याच सहजपणे इथेही विचारायचं. एक्सबॉक्सचं कुटुंबासाठी वेगळं ॲप आहे. त्यात मुलाचं वय घातलं की मोठ्यांसाठीचे खेळ बंद करता येतात आणि रोजची वेळही ठरवता येते. मी ते सूनबाईकडून लावून घेतलं. वीस मिनिटं लागली. पुरणपोळीला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ आहेत, ते यात मिसळू नका. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. तो जुगार आहे, हा खेळ आहे. दोन्हीला एकच काठी लावली तर जुगारच लहान दिसायला लागतो.

आता यंत्राच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल आजीने एकतर्फी निकाल दिला. पडदा फोनपेक्षा मोठा आहे, डोळ्यांना ते बरं. हातात नीट बसतं. खेळताना फोनची बॅटरी संपत नाही, मध्येच कुणाचा फोन येत नाही. सूनबाईचा सगळ्यात चांगला मुद्दा हा होता, की वेगळं यंत्र असेल तर खेळ संपला की कपाटात ठेवता येईल, फोनवर खेळ संपला की पोरगं रील बघायला लागतं. हा मुद्दा मला पटला होता. पण हे यंत्र अँड्रॉइडवर चालतं, त्यात प्ले स्टोअर आहे, यूट्यूब चालतं. म्हणजे रील तिथेही आलीच. उलट ड्रॉवरमधला जुना फोन घेऊन त्यातलं सिम काढून टाकलं, सगळी ॲप पुसून फक्त खेळाचं ठेवलं, तर तोच झाला वेगळं यंत्र. संध्याकाळी माझ्या कपाटात जातो. किल्ली माझ्या कमरेला.

मग हे यंत्र कुणीच घेऊ नये का? ज्याच्या घरी आधीपासून प्लेस्टेशन ५ आहे आणि टीव्ही सासूबाईंच्या मालिकांनी अडवलेला आहे, त्याला पोर्टल उपयोगी पडेल. ज्याच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत चांगलं वायफाय आहे आणि तीस हजार इकडचे तिकडे झाले तरी चालतात, त्याने हौस करावी. पण आपल्यासारख्या घरांत, जिथे प्रत्येक वस्तू घेताना मर्यादेचा विचार करायची सवय आपल्या सासवांनी लावली, तिथे जे काम ड्रॉवरमधला फोन करतो त्यासाठी तीस हजारांची आणखी एक वस्तू घरात आणणं मला पटत नाही.

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या घरात असं काही आलं, तर चारच प्रश्न विचारा. पैसे भरणं थांबवलं तर हे चालेल का? हेच काम घरातली कोणती वस्तू करते? ते भारतात पूर्ण चालतं, की फक्त खोक्यावर चालतं? आणि आठ दिवस मागून आणून बघता येईल का? या चार प्रश्नांना इंग्रजी लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. बाजारात तूरडाळ घेताना आपण यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो.

मामा आला. नातवासाठी कंट्रोलर घेऊन आला, त्याचे पैसे त्याने घेऊ दिले नाहीत. नातू खूश झाला का? पूर्ण नाही. त्याच्या वर्गातल्या एका मुलाकडे ते यंत्र आहे, आणि चौदाव्या वर्षी मित्राकडे आहे ते आपल्याकडे नाही याचं दुःख हिशेबाने जात नाही. ते मला दिसतं, आणि वाईटही वाटतं. पण परवा त्याच्या मित्राच्या आईचा फोन आला, त्या मित्रालाही यंत्र घ्यायचं होतं. हा पलीकडून म्हणाला, "काकू, आधी तुमच्या मागच्या खोलीत वायफाय येतं का ते बघा. आणि थांबा, माझ्या दादीला देतो, तिला सगळं माहीत आहे."

तुमच्या घरी काय झालं, ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र.